पपांचं 'बरं का'

"पाळकसाहेब, प्रार्थना करा ना," दाऊदराव केदारी म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभच चावली.

तसं पाहिलं तर त्यांची काही चूक नव्हती. रविवारची उपासना आटोपली की आमच्याकडे जेवायला यायचं, हात धुऊन टेबलाशी बसायचं आणि हे एवढं वाक्य बोलायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. मंडळीचे ते सर्वांत जुने पंच. त्या दिवशीही पानं वाढून झाली होती. वांग्याचं भरीत, कडक भाकरी, शेंगांची चटणी. आई भाताचं पातेलं घेऊन उभी होती, मी पाण्याचे पेले मांडत होते, आणि वाक्य तेवढं सवयीनं निसटलं.

पपांनीही सवयीनंच डोळे मिटले. डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, कारण तो आता आपला आपण उचलला जात नव्हता. मोठा श्वास घेतला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, आता येईल. तो भरदार आवाज आता येईल.

"बरं का," पपा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले, पुन्हा घट्ट मिटले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"बरं का… बरं का… बरं…"

दाऊदरावांच्या पत्नी, हन्नाबाई, तोंडाला पदर लावून हुंदका देऊ लागल्या. त्यानंच सगळं बिघडलं. पपांनी समोरचं ताट असं ढकललं की ते टेबलावरून खाली गेलं. भाकरीचे तुकडे फरशीभर झाले. काठी टेकत ते आतल्या खोलीत निघून गेले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

माझे वडील, रेव्हरंड शमुवेल आढाव, सोलापुरात आमच्या मंडळीचे पाळक होते. उपदेश ते बेताचाच करायचे, हे मुलगी असून सांगते. पण प्रार्थना! त्यांची प्रार्थना ऐकायला लोक बार्शी, मोहोळहून यायचे. कुणाचं बारसं असो, घरभरणी असो, मयत असो, पपा उभे राहिले की बायका आपोआप पदर डोक्यावर घेत. शब्द कसे एकामागून एक यायचे, कुठं अडखळणं नाही, कुठं घाई नाही. दुःखात बुडालेली माणसं ती प्रार्थना ऐकून उठून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. उपदेशात मात्र दर चार वाक्यांनी 'बरं का' म्हणायची त्यांना खोड होती. आम्ही भावंडं मागं बसून त्यावर हसायचो.

घरात रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. पपा प्रार्थना करायचे, आई आणि आम्ही ऐकायचो. आमच्या वाट्याला फक्त 'आमेन' यायचं. इतक्या चांगल्या प्रार्थनेनंतर आपण आणखी काय बोलणार, असं वाटायचं. त्यामुळं तेवीस वर्षांची होऊन, बी. एड. करून शाळेत शिकवायला लागले तरी मी स्वतःच्या तोंडानं कधी प्रार्थना केलेली नव्हती.

दिवाळी नुकतीच सरली होती. एका सोमवारी सकाळी पपा अंगणात दाढी करत होते. आरसा पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर ते खुर्चीतून एका बाजूला कलले होते. अर्धांगाचा झटका. इस्पितळातून घरी आले तेव्हा उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढत चालत होते, आणि बोलण्यातलं सगळं गेलं होतं. उरले होते ते नेमके खोडीचे दोन शब्द. पाणी हवं, बरं का. खिडकी लाव, बरं का. ही कोण आली, बरं का? ऐकलेलं सगळं कळायचं, डोळ्यांतून सगळं दिसायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं ते एवढंच. वाचा परत येईल का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी खांदे उडवले होते.

मंडळीतले लोक भेटायला यायचे. चांगली माणसं, प्रेमाची माणसं. पलंगाभोवती उभे राहून प्रार्थना करायचे. गंमत अशी, की सगळ्यांनी प्रार्थना पपांकडूनच उचलली होती. तेच शब्द, तेच हेलकावे, तोच शेवटचा उंच सूर. पपांना त्यांचीच प्रार्थना उष्टी करून परत वाढल्यासारखं होत असावं. कुणी 'हे सर्वसमर्थ पित्या' म्हटलं, की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्या रविवारच्या जेवणानंतर तर ते चर्चला जायलाही तयार होईनात. दिवेलागण व्हायची, आई कंदील लावायची, आणि प्रार्थनेच्या वेळेला घरात नुसती शांतता असायची. आई तेवढ्या वेळात तूर निवडायला घ्यायची. मी वह्या तपासायचे. पपा छताकडे बघत पडायचे.

माझं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं होतं. मुलगा बार्शीचा, सुहास लोंढे, हायस्कूलवर मास्तर. पपांनी जिल्ह्यातली निम्मी लग्नं लावलेली. माझं लग्न लावताना कोणती प्रार्थना करायची हे मी पाळण्यात होते तेव्हापासूनच आपण ठरवून ठेवलंय, असं ते चेष्टेनं म्हणायचे. आता ते कसं होणार? मी मनाशी ठरवलं, लग्न पुढं ढकलायचं. वाचा येईपर्यंत. आईला तसं सांगितलं. ती नुसतं, "बघू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि आई कुणाशी तरी बोलत होती. मला वाटलं, शेजारची कुणी आली असेल. मी दारापर्यंत गेले आणि थबकले. आत दुसरं कुणी नव्हतं. आई चुलीपुढं बसली होती, परातीत तिचे हात फिरत होते.

"ही याकोबची बघ," ती म्हणाली. याकोब माझा मोठा भाऊ, दौंडला रेल्वेत होता. "तिकडं थंडी फार. त्याची छाती भरते. लक्ष असू दे." भाकरी तव्यावर पडली. तिनं वरून पाणी फिरवलं आणि दुसरा गोळा घेतला. "ही रूथवन्संची. त्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे, मी वेगळं काय सांगू? पण एकट्या पडल्यात. त्यांच्याकडं जा जरा." थप, थप, थप. "ही दाऊदरावांची. त्या रविवारी बिचारे न जेवताच गेले. आमच्यावर राग नको धरायला लावूस."

याकोब घरी नव्हता, आत्या पुण्यात, दाऊदराव त्यांच्या घरी. भाकऱ्या आम्हीच खाणार होतो. थापायची मात्र ती एकेकाच्या नावानं.

मग तिनं पुढचा गोळा हातात घेतला.

"ही ह्यांची," ती म्हणाली. "आता बघ. हे बोलत नाहीत. तूही बोलत नाहीस. दोघांच्या मधे मी एकटीनं किती बोलायचं?"

माझ्या पायाला दार लागलं. आई दचकली.

"कुणाशी बोलत होतीस आई?"

"कुणाशी नाही. भाकरी करतेय."

"प्रार्थना करत होतीस?"

"प्रार्थना कसली! प्रार्थना करावी तुझ्या पपांनी. मला कुठं तसं येतं?" ती लाजून लाल झाली होती. "मी आपली सांगत असते. हात कामात असतात, तोंड मोकळं असतं."

"रोज?"

"लग्न होऊन आले तेव्हापासनं. सासूबाईंसमोर बोलायची चोरी. मग म्हटलं, ह्याच्याशीच बोलावं." आपल्या वरच्या मजल्यावर कुणी राहत असावं तशी तिनं हनुवटी वर केली. "चूल पेटवताना, कपडे वाळत घालताना, तुला शाळेत सोडून परत येताना. कधी सांगायला काही नसलं तर नुसती हाक मारते. प्रभू, आहेस ना? एवढंच."

"पपांना ठाऊक आहे?"

"छे! सांगू नकोस हं त्यांना. हसतील."

तेवढ्यात माझ्यामागं काठी वाजली.

पपा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. आईनं झटकन पदर डोक्यावर ओढला, जणू कुणी परका माणूस आला. "अहो, चहा ठेवू का?" ती म्हणाली. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि पाय ओढत आत आले. पपांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर ते कसेबसे बसले. तव्यावरच्या भाकरीकडे त्यांनी काठीनं बोट दाखवल्यासारखं केलं.

"बरं का?"

"ही… ही तुमची," आई म्हणाली.

पपा त्या भाकरीकडे बघत राहिले. ती फुगली, आईनं ती चुलीच्या तोंडाशी उभी केली, पापुद्रा सुटला, तरी ते बघतच होते. मग त्यांनी परातीतल्या शेवटच्या गोळ्याकडे काठी वळवली.

"बरं का?"

"ही नमूची. तिची शेवटी असते. गरम राहावी म्हणून."

नमू म्हणजे मी, नओमी. पपांनी मान हलवली. कर, असं सांगितल्यासारखी. आईनं गोळा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"तुमच्यासमोर नाही जमायचं मला," ती म्हणाली. "तुम्ही एवढी मोठाली प्रार्थना करणारे. मी आपली काहीबाही बोलते."

पपांनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूहळू, स्टुलासकट, भिंतीकडे तोंड करून बसले. इतके दिवस लोक आले की ते तोंड फिरवायचे. त्या दिवशी त्यांनी ते आईसाठी फिरवलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग परातीवर पीठ भुरभुरलं आणि थापायला सुरुवात केली.

"ही नमूची," ती अगदी हळू म्हणाली. "लग्न पुढं ढकलायचं म्हणते. बापाच्या तोंडून आशीर्वाद हवाय तिला. तिचं चुकतं असं कसं म्हणू? पण ढकलून ढकलून कुठवर ढकलायचं? मला तर काही सुचत नाही. तूच काय ते सांग तिला."

तिचं संपलं. तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. आणि भिंतीकडून आवाज आला.

"बरं का."

ते आमच्याशी बोलत नव्हते. आवाज वेगळा होता. खाली उतरलेला, जवळचा, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. "बरं का," ते म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा म्हणाले, जरा लांबवून. त्यात माझं नाव होतं, मला कळलं. मी पाळण्यात होते ते त्यात होतं. एकदा आवाज चढला. ते भांडण होतं, उघड उघड भांडण, उत्तर दे म्हणून छातीवर बुक्की मारावी तसं. "बरं का! बरं का!" आई हातातलं उलथणं तसंच धरून बसली. मग तो आवाज फुटला, पाण्यासारखा पातळ झाला आणि कितीतरी वेळ हळूहळू काही मागत राहिला. इतकी वर्षं मी त्यांच्या प्रार्थना ऐकल्या होत्या. त्या मंडळीसाठी असायच्या, घरासाठी असायच्या. अशी कधी ऐकली नव्हती. त्यात आम्हाला ऐकवण्यासारखं काहीच नव्हतं. ते नुसते सांगत होते. घरी आल्यावर चपला काढता काढता माणूस म्हणतो ना, बरं का, आज असं असं झालं, तसे.

ते थांबले. मी शेवटाची वाट पाहत राहिले. शेवट येईना. मग माझ्या लक्षात आलं, तो शब्द त्यांच्याकडे उरला नाहीये.

"आमेन," मी म्हटलं.

भाकरी पार करपली होती. आईनं ती माझ्या ताटात वाढली आणि मी ती चटणीशी सगळी खाल्ली.

लग्न मी पुढं ढकललं नाही. त्या दिवसापासून पपा रोज सकाळी स्टुलावर येऊन बसू लागले. आई एकेक नाव घ्यायची, पपा त्यात आपलं घालायचे. कधी नुसताच होकार, कधी लांबण. दोघांचं बोलणं ऐकलं की वाटायचं, तिसरं कुणीतरी चुलीपाशी बसलंय आणि हे दोघं एकमेकांना मधेच तोडत त्याला घरातलं सांगताहेत. शाळेत जाताना सायकलवरून मीही सांगायला लागले. सुरुवातीला अवघड गेलं. काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, प्रभू, आज सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायचेत, माझा आवाज चढू देऊ नकोस. एवढीच माझी पहिली प्रार्थना.

लग्न लावायला नवे तरुण पाळक होते, अमोस भालेराव. ते पपांच्याच हाताखाली तयार झालेले. पपा पहिल्या बाकावर, नव्या कोटात, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. सगळं नीट पार पडलं, आम्ही शपथा घेतल्या, अंगठ्या घातल्या. आम्ही गुडघे टेकले आणि अमोस प्रार्थनेला उभे राहिले.

"हे सर्वसमर्थ, सर्वदर्शी, परमदयाळू…" त्यांनी सुरुवात केली. आणि त्यांची नजर पपांवर गेली असावी. "परमदयाळू…" ते पुन्हा म्हणाले. पुढं काही नाही. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसलेले. कुणीतरी खाकरलं. माझ्या शेजारी सुहासच्या कपाळावर घाम आलेला दिसला.

"बरं का," पहिल्या बाकावरून पपा म्हणाले. मोठ्यानं, स्वच्छ.

मागं कुणीतरी हसलं. दाऊदरावांनी वळून डोळे वटारले. अमोस गोंधळून पपांकडे बघत राहिले. पपांनी मान हलवली, आईला हलवली होती तशीच. कर म्हणून.

"बरं का, प्रभू," अमोस म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम त्यांचा स्वतःचा झाला. "ही नओमी. हा सुहास. आजपासून एका घरात राहणार आहेत. दोघांनाही लवकर राग येतो, असं दोन्हीकडच्या लोकांनी मला सांगितलंय. राग आला तरी दोघांनी एकाच ताटावर बसावं, एवढं कर. आणि हिच्या आईवडिलांचं घर आज रिकामं होतंय. तिथं तू राहा. आमेन."

पाळकाला शोभणारी प्रार्थना नव्हती, असं दाऊदराव नंतर मांडवात म्हणाले. पण ते म्हणताना ते डोळे पुसत होते. पपांचे खांदे हसण्यानं गदगदत होते. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसले.

पुढं ते काही वर्षं जगले. वाचा आली नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेले, सुहासही आता नाही, सोलापूरचं ते घर मिशननं पाडून तिथं वसतिगृह बांधलं. लोक मला म्हणतात, तुमच्या वडिलांच्या प्रार्थना कुणीतरी लिहून ठेवायला हव्या होत्या. मी हो म्हणते. पण मला आठवते ती वेगळीच एक संध्याकाळ.

लग्नानंतर महिन्याभरानं मी पहिल्यांदा माहेरी निघाले होते. दुपारच्या गाडीनं येते असं कळवलं होतं. ती एसटी वैरागजवळ बंद पडली. दुसरी गाडी मिळेतो उन्हं कलली. सोलापुरात उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. पिशवी घेऊन घराच्या फाटकाशी पोचले, तर आत कंदील लागलेला. दार लोटलेलं. दिवेलागणीची वेळ.

मी दार ढकलणार, तोच आईचा आवाज आला. स्वयंपाकघरातला तो आवाज आता बाहेरच्या खोलीत आला होता, आणि लपूनछपून नव्हता.

"…याकोबला बढती दिलीस, बरं झालं. दाऊदरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यांना भीती वाटते पण सांगत नाहीत, तू समजून घे."

"बरं का," पपा म्हणाले. त्यांचं दाऊदरावांविषयी आणखी काही होतं. ते जरा वेळ चाललं. आई थांबली.

"आणि नमूचं," ती म्हणाली. "दुपारच्या गाडीनं येते म्हणालेली. अजून पत्ता नाही. तुला ती बार्शीची गाडी ठाऊकच आहे. पोर उपाशी असेल. रस्त्यात अंधार झालाय. कुठं आहे तेवढं बघ."

"बरं का," पपा लगबगीनं म्हणाले. "बरं का, बरं का."

मी पायरीवर उभी होते. एसटीच्या धुळीनं केस पांढरे झाले होते, पिशवीचा बंद तळहातात रुतला होता. आपलं नाव असं घेतलं जाताना मी आयुष्यात प्रथमच चोरून ऐकत होते.

"दारात आहे," मी बाहेरून म्हणाले.

आत काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून आईच्या धावत्या पावलांचा. आमेन म्हणायचं त्या संध्याकाळी सगळेच विसरलो.